कोकण किनाऱ्यावर मुक्काम कुठे टाकायचा? पुण्याहून गाडीने निघणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने

नाताळ जवळ आला की ओळखीची मंडळी आपापला कोकणचा बेत मला तपासायला पाठवतात. गेली काही वर्षं मी हे बेत मनापासून वाचतो आहे आणि जवळजवळ प्रत्येकात तीच चूक सापडते. आधी खोल्या बुक झालेल्या असतात आणि त्या खोल्यांना जोडणारा रस्ता नंतर शोधलेला असतो. किनाऱ्याच्या रस्त्यावर हा क्रम चालत नाही, कारण मध्ये खाड्या आहेत. खाडी कुठे, कधी आणि कशी ओलांडायची हे ठरल्याशिवाय मुक्कामाचं गाव ठरत नाही. खाली दिलेला क्रम त्यासाठी आहे. टप्पे उलटसुलट करू नका. खोलीसाठी फोन करायची पाळी सातव्या टप्प्यात येते.

बेत आखायला बसण्याआधी तीन गोष्टी हाताशी घ्या: तिथी दाखवणारी भिंतीवरची दिनदर्शिका, फोनमधला नकाशा आणि सोबत कोण येणार याची यादी. यादीत वयं लिहा. सत्तरीतली आई आणि चार वर्षांचं मूल गाडीत असेल, तर पुढचे सगळे आकडे बदलतात.

## टप्पा १: गावं नको, आधी रात्री मोजा

पाच दिवसांच्या सहलीत रात्री चार असतात. चार रात्रींत जास्तीत जास्त तीन मुक्काम, आणि त्यातला किमान एक मुक्काम दोन रात्रींचा. बहुतेक ठिकाणी खोली दुपारी बाराच्या सुमारास मिळते आणि दुसऱ्या दिवशी दहाला सोडावी लागते. रोज गाव बदललं की रोजची सकाळ बॅगा भरण्यात जाते आणि समुद्र फक्त संध्याकाळी दिसतो.

दोन रात्री असतील तर एकच गाव घ्या. दिवेआगर, श्रीवर्धन किंवा मुरुड-जंजिरा, यांपैकी कुठलंही एक. तीन रात्री असतील तर दोन गावं आणि फार तर एक खाडी. चार रात्रींत गुहागर ते दिवेआगर हा पट्टा आरामात होतो.

सावधान: मालवण-तारकर्ली या बेताला जोडू नका. पुण्याहून मालवण पावणेचारशे किलोमीटरच्या पुढे आहे. ती स्वतंत्र सहल आहे आणि तिला स्वतःच्या तीन रात्री द्याव्या लागतात. "एवढं गेलोच आहोत तर गणपतीपुळेही करू" हे वाक्यही इथेच थांबवा. गुहागरच्या पुढे जयगडची आणखी एक खाडी त्या एका वाक्यात वाढते.

## टप्पा २: खाड्या कागदावर मांडा

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या. एका कोऱ्या कागदावर उभी रेघ ओढा, वर रेवदंडा लिहा, खाली रत्नागिरी, आणि मधल्या मोठ्या खाड्या क्रमाने भरा:

- कुंडलिकेची खाडी: रेवदंडा-साळाव, इथे पूल आहे.
- राजपुरीची खाडी: आगरदांडा-दिघी, फेरी.
- सावित्रीची, म्हणजे बाणकोटची खाडी: बागमांडला-वेसवी, फेरी.
- वाशिष्ठीची, म्हणजे दाभोळची खाडी: दाभोळ-धोपावे, फेरी.
- शास्त्रीची, म्हणजे जयगडची खाडी: तवसाळ-जयगड, फेरी.

गाड्या वाहून नेणाऱ्या या फेरीबोटींना कोकणात सर्रास जंगलजेट्टी म्हणतात. रस्ता विचारताना हाच शब्द वापरा, लगेच कळतं. पलीकडे जायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. वेळ जातो तो रांगेत. शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांत प्रत्येक फेरीमागे एक तास वेगळा धरा.

आता नियम. एका दिवसात एकच फेरी, आणि ती दुपारी बाराच्या आत. म्हणजे मुक्काम असा हवा की सकाळी चहा-नाश्ता करून निघालं की जेट्टी दोन तासांच्या आत येईल. संध्याकाळी खाडी ओलांडून मुक्कामाला पोचायचं असा बेत कधीही करू नका.

हे मी अनुभवाने सांगतो. दापोलीहून दुपारी निघून, वाटेत दोन ठिकाणी रेंगाळत आम्ही रात्री दाभोळच्या जेट्टीवर पोचलो, तेव्हा शेवटची फेरी सुटून गेली होती. गुहागर समोरच्या काठापासून अर्ध्या-पाऊण तासावर होतं. रस्त्याने जायचं तर परत दापोली, तिथून खेड, चिपळूण आणि मग गुहागर, म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या घरात. गाडीत मुलं झोपलेली, आईची पाठ धरलेली, आणि घाटवळणांचा अंधारा रस्ता. पहाटे पोचलो. त्या रात्रीपासून मी फेरीची वेळ पहिल्यांदा लिहितो आणि बाकी सगळं तिच्याभोवती बसवतो.

तपासा: फोनमधला नकाशा फेरीचा रस्ता दोन प्रकारे चुकवतो. कधी तो फेरी टाळून तुम्हाला मुंबई-गोवा महामार्गावर नेतो, तर कधी खाडी म्हणजे सरळ रस्ताच आहे असं समजून वेळ सांगतो आणि रांगेचा तास धरत नाही. म्हणून जेट्टीपर्यंतचा आणि जेट्टीपासूनचा असे दोन प्रवास वेगवेगळे टाकून बघा.

तपासा: प्रत्येक फेरीला पर्यायी रस्ता लिहून ठेवा. बाणकोट खाडीसाठी तो मंडणगड-म्हाप्रळ-आंबेत असा आहे. आंबेतचा पूल पूर्वी दुरुस्तीसाठी बंद राहिलेला आहे, तेव्हा निघण्याआधी स्थानिकांना विचारा. वारा किंवा पाऊस जोरात असला की फेऱ्या थांबतात. पावसाळ्यात तर फेरीवर विसंबून मुक्काम ठरवूच नका.

## टप्पा ३: सगळ्यात लांबचं गाव पहिलं

पुणेकर सहसा जवळून सुरुवात करतात. ताम्हिणीने उतरायचं, दिवेआगर, मग खाली खाली जात शेवटी गुहागर. याचा परिणाम असा की परतीच्या दिवशी, थकलेले असताना, सगळ्यात लांबचा पल्ला गाठावा लागतो. मी उलट करायला सांगतो. पहिल्या दिवशी सगळे ताजेतवाने असतात, तेव्हा घाटमाथ्यावरून दक्षिणेकडे जाऊन लांबच्या गावी उतरा आणि मग किनाऱ्याने घराकडे, म्हणजे उत्तरेकडे या.

याचा आणखी एक फायदा फार कमी जण लक्षात घेतात. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतो. उत्तरेकडे येताना समुद्रही डावीकडेच असतो. थांबावंसं वाटलं की गाडी सरळ कडेला घेता येते, समोरून येणारी वाहनं कापावी लागत नाहीत. श्रीवर्धनहून शेखाडीवरून दिवेआगरला येणारा रस्ता पाण्याला अगदी लागून जातो; तो दोन्ही दिशांनी करून पाहिलेला माणूस पुन्हा दक्षिणेकडे जाताना करणार नाही.

घाट गावाप्रमाणे निवडा. गुहागर, वेळणेश्वर, हेदवीसाठी सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट, मग चिपळूण. रत्नागिरी-गणपतीपुळ्यासाठी कराड, मलकापूर आणि आंबा घाट. दापोलीसाठी ताम्हिणीने माणगाव-महाड, किंवा भोरहून वरंध. दिवेआगर-श्रीवर्धनसाठी चांदणी चौक, पिरंगुट, मुळशी, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा.

सावधान: वरंध घाट पावसाळ्यात दरडींमुळे अनेकदा बंद ठेवतात. पावसात तो बेतात धरू नका.

## टप्पा ४: किलोमीटर विसरा, तास लिहा

किनाऱ्याच्या रस्त्यावर तासाला पंचवीस ते तीस किलोमीटर हाच खरा वेग. रस्ता वाडीत शिरतो, सड्यावर म्हणजे कातळाच्या पठारावर चढतो, पुन्हा उतरतो, समोरून एसटी आली की थांबावं लागतं. पुण्यातल्या माणसाला ८० किलोमीटर म्हणजे दीड तास वाटतो. इथे तो तीन तासांचा प्रवास आहे, फोटोसाठी न थांबता.

किनाऱ्यावरच्या दिवसाला चार तासांपेक्षा जास्त गाडी नको. आणि मुक्कामाच्या दारात दुपारी चारला पोचायचंच. डिसेंबरात कोकणात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, मे महिन्यात सातच्या. चारला पोचलात तर सामान ठेवून, चहा घेऊन, पुळणीवर म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर दीड तास मिळतो. सहाला पोचलात तर अंधारात खोलीचा पत्ता विचारत फिराल.

पहिला दिवस मात्र याला अपवाद. पुण्याहून गुहागरला साडेसहा-सात तास धरा आणि पहाटे साडेपाचला घर सोडा. सिंहगड रोड किंवा कात्रजकडून निघणाऱ्यांनी खेड शिवापूरच्या टोलनाक्यापुढे उजाडायला पाहिजे.

## टप्पा ५: दिनदर्शिका उघडा, तिथी बघा

हा टप्पा बहुतेक बेतांत नसतोच, आणि संध्याकाळची पुळण रुंद मिळणार की पाणी थेट सुरूच्या झाडांपर्यंत आलेलं असणार, हे यावर ठरतं. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणा, येईल तो भरतीचा तास. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती, नऊच्या सुमारास ओहोटी. एकादशीला सव्वाआठला भरती, सव्वादोनला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरून सव्वाअकरा. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. तासाभराचा फरक पडू शकतो, पण मुक्काम ठरवायला एवढं पुरतं.

आता याचा उपयोग. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सूर्यास्ताला ओहोटी असते आणि उधाणाचे, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीचे दिवस असल्याने पाणी खूप आत जातं. लांबलचक ओली पुळण चालायला मिळते. अष्टमीच्या आसपास सूर्यास्ताला भरती असते. त्या दिवसांत अरुंद पुळणीच्या गावापेक्षा गुहागर किंवा दिवेआगरसारखी लांब-रुंद पुळण असलेलं गाव घ्या, किंवा सकाळचा फेरफटका हाच मुख्य कार्यक्रम ठेवा. दुपारी बाराला ओहोटी असल्याने अष्टमी हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेला मात्र सोयीची.

सावधान: हरिहरेश्वरची खडकावरची प्रदक्षिणा फक्त ओहोटीत करायची. तिथे लाटांनी माणसं ओढली गेलेली आहेत. पौर्णिमेला दुपारी बाराला तिथे पोचलात तर देवदर्शन करा आणि पुढे निघा. लिहिलेल्या सूचना आणि स्थानिकांचा शब्द मोडू नका.

सावधान: गाडी वाळूत घालू नका. उधाणाच्या दिवशी संध्याकाळी कोरडी आणि घट्ट दिसणारी पुळण रात्री दहा-अकरापर्यंत पाण्याखाली जाते. रुतलेली गाडी काढायला ट्रॅक्टर मिळेपर्यंत समुद्र थांबत नाही.

तिथी बघतानाच सणही बघा. अंगारकीला गणपतीपुळ्यात पाय ठेवायला जागा नसते. गणपतीत कोकणातली घरं मुंबईहून आलेल्या आपल्याच माणसांनी भरलेली असतात, घरगुती मुक्काम बरेच ठिकाणी बंद. शिमग्यात पालख्या घरोघर फिरत असतात. यजमान त्यात गुंतलेले असतात हे समजून घ्या, जेवणाला उशीर झाला तर चिडू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये वेळास आणि आंजर्ल्याला कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात, सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या सुमारास. ते बघायचं असेल तर मुक्काम त्याच गावात हवा. दापोलीहून पहाटे धावत जाणं जमत नाही.

## टप्पा ६: आता गाव

कागदावर रात्री, खाड्या, तास आणि तिथी आल्या, की गाव जवळजवळ आपोआप ठरतं. तरी काही निवडी कराव्या लागतात.

गुहागर की वेळणेश्वर? गुहागरला पुळण लांब आहे, शिवाय दवाखाना, पेट्रोल पंप, बँक, औषधाचं दुकान हाताशी. वेळणेश्वर-हेदवी शांत, पण संध्याकाळनंतर काही लागलं तर गुहागर गाठावं लागतं. लहान मूल किंवा वयस्कर माणूस सोबत असेल तर मी गुहागरच सांगतो.

दापोली तालुक्यात सगळ्यात जास्त घोटाळा होतो. दापोली शहर समुद्रावर नाही, वर पठारावर आहे. "दापोलीत खोली घेतली" म्हणणाऱ्यांना रोज घाटरस्त्याने खाली समुद्रावर जावं लागतं. समुद्र हवा असेल तर मुरुड, कर्दे, हर्णे, आंजर्ले किंवा केळशी घ्या. मासळीच्या लिलावाची गजबज आणि बोटी बघायच्या असतील तर हर्णे, पण झोप हलकी असणाऱ्यांनी आंजर्ले. माझा कौल आंजर्ल्याला, दोन रात्री. कड्यावरच्या गणपतीला सकाळी चढून गेलात की खाली खाडी, माडांची वाडी आणि समुद्र एकदम दिसतात.

हरिहरेश्वर, श्रीवर्धन आणि दिवेआगर एकमेकांपासून जवळ आहेत, तेव्हा तिघांत एकच मुक्काम. हरिहरेश्वरला गर्दी जास्त आणि पाण्यात उतरायला धोका जास्त. दिवेआगरला पोफळीच्या वाड्यांतून पायवाटेने समुद्रावर जाता येतं. परतीच्या आदल्या रात्रीसाठी तेच योग्य, कारण तिथून ताम्हिणीने पुणे चार-पाच तास.

सावधान: मुरुड दोन आहेत. एक रायगड जिल्ह्यातलं, जंजिऱ्यासमोरचं; दुसरं रत्नागिरी जिल्ह्यातलं, दापोलीजवळचं. दोन्हींच्या मध्ये दोन मोठ्या खाड्या. पैसे भरण्याआधी जिल्हा आणि तालुका वाचा. वेळासचंही तसंच, कासवांचं वेळास बाणकोटजवळचं, आणि दिवेआगरजवळही एक वेळास आहे.

चार रात्रींचा बेत मग असा बसतो. पहिला दिवस पुणे ते गुहागर, कुंभार्ली घाटाने, एक रात्र. दुसऱ्या दिवशी सकाळी धोपाव्याहून दाभोळ, दापोलीत जेवण, दुपारी आंजर्ले, दोन रात्री. चौथ्या दिवशी लवकर निघून केळशीवरून वेसवी, पलीकडे बागमांडला, हरिहरेश्वर, श्रीवर्धन, शेखाडीच्या रस्त्याने दिवेआगर, एक रात्र. पाचव्या दिवशी सकाळी ताम्हिणी. रोज एकच फेरी, तीही दुपारच्या आत.

## टप्पा ७: खोलीचा फोन

संकेतस्थळावरचे फोटो बघा, पण ठरवा फोनवर बोलूनच. नाताळ आणि दिवाळीसाठी दोन महिने आधी, बाकी शनिवार-रविवारसाठी तीन आठवडे. विचारायचं ते असं:

गाडी घरापर्यंत येते का, की पाखाडीने, म्हणजे दगडी पायवाटेने चालत यावं लागतं? आंजर्ले, केळशी, दिवेआगर इथल्या वाड्यांतले रस्ते अरुंद आहेत आणि मोठ्या गाडीला वळण बसत नाही. गाडीचं नाव सांगून विचारा.

समुद्र चालत किती मिनिटं? "बीच टच" या शब्दावर जाऊ नका. मध्ये रस्ता, वाडी किंवा खाजण, म्हणजे खाऱ्या पाण्याची दलदल असू शकते. मिनिटं विचारली की खरं उत्तर मिळतं.

खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो का? वयस्कर मंडळी असतील तर याच तीन उत्तरांवर निर्णय घ्या.

जेवण कधीपर्यंत आणि कधी सांगायचं? घरगुती ठिकाणी माणसं मोजून स्वयंपाक होतो. रात्रीचे मासे हवे असतील तर दुपारपर्यंत सांगा. साडेआठनंतर चूल पेटती राहील असं धरू नका. १ जूनपासून मासेमारी बंद असते, त्यानंतर ताज्या मोठ्या मासळीचा हट्ट नको. उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगावे लागतात. सोबत ड्रायव्हर असेल तर त्याच्या झोपण्याची आणि जेवणाची सोय काय, हेही विचारा. हा प्रश्न शंभरातले नव्वद जण विसरतात आणि रात्रभर गाडीत अवघडलेला माणूस दुसऱ्या दिवशी तुमच्याच मुलांना घाटातून नेतो.

फेरी बंद पडून पोचता आलं नाही तर आगाऊ रकमेचं काय? पुढची तारीख देतो म्हणणारे यजमान पुष्कळ आहेत, फक्त तसं मेसेजवर लिहून घ्या.

तपासा: बोलणं झाल्यावर तारीख, रात्री किती, माणसं किती, जेवण धरून की वेगळं, हे चार मुद्दे स्वतः लिहून पाठवा आणि "हो" आल्यावरच पैसे भरा.

## टप्पा ८: आदली संध्याकाळ आणि वाटेतले दिवस

निघण्याच्या आदल्या दिवशी पहिल्या यजमानांना फोन करा. खोली पक्की असल्याची खात्री आणि रस्त्याची खबर दोन्ही त्यातच मिळतात. घाट बंद आहे का, फेरी चालू आहे का, पहिली आणि शेवटची कितीला, हे त्यांच्याइतकं अचूक दुसरं कोणी सांगत नाही. मग रोज सकाळी हाच फोन पुढच्या मुक्कामाला.

रोख पैसे घरातूनच न्या. वाड्यांत फोनची रेंज जाते आणि मग फोनवरून पैसे देता येत नाहीत. टाकी मोठ्या गावात भरा: चिपळूण, गुहागर, दापोली, श्रीवर्धन, माणगाव. अर्ध्याखाली काटा गेला आणि पंप दिसला तर थांबा. विजेवर चालणारी गाडी असेल तर मुक्कामाच्या घरी रात्रभर चार्जिंग चालेल का, हे सातव्या टप्प्यातच विचारून घ्या. जुन्या घरांची वायरिंग तो भार घेईलच असं नाही.

पोचल्यावर सामान उतरवण्याआधी खोली बघा. पंखा, नळ, कड्या, मच्छरांसाठी जाळी. काही खटकलं तर चारला पोचलेल्या माणसाकडे दुसरं घर शोधायला उजेड शिल्लक असतो.

शेवटच्या सकाळी घावन-चटणी खाऊन नऊला दिवेआगर सोडा. रविवारी दुपारनंतर ताम्हिणीत सहलीच्या गाड्या साचतात आणि पिरंगुटपासून चांदणी चौकापर्यंत रांग लागते. नऊला निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पुण्यात असतो.